दोन गाड्या आणि राघो

राघो वाघ हा आमच्या जव्हार-मोखाड्यात सुपरचार्जरची गाडी चालवणारा पहिला माणूस. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. सुपरचार्जर म्हणजे काय ते तोवर मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचो. राघो तिसरी नापास. त्यानंच मला समजावलं, "गुरुजी, इंजिनाला हवा पाजायचा पंखा हाय तो. लोहार भाता मारतो ना, तसा. पेडल दाबला का हवा जोरात, मंग आग बी जोरात." पुढे ही व्याख्या मी वर्गात बिनदिक्कत वापरली आणि राघोचं नाव सांगितलं नाही.

राघोच्या वाडीत कोणाच्याही नावावर वीतभर जमीन नाही. दिवाळी सरली की अख्खी वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. राघोचा जन्म भट्टीवरचा, आणि त्याचे दोन धाकटे भाऊ मेले तेही भट्टीवरच. तो सुटला तो माझा मावसभाऊ गोकुळ याच्या रस्ता दाबायच्या रोलरमुळे. आधी रोलरच्या चाकांवर पाणी मारायला, मग डंपरवर, मग गोकुळच्या जीपवर. शहाण्णव साली त्याला लायसन मिळालं, वाडीतलं पहिलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते तो खिशात ठेवायचा आणि कोणी न विचारताच दाखवायचा. तेव्हापासून त्याची बायको बाळी भट्टीवर गेली नव्हती. इथेच गोकुळच्या कामावर खडी वाहायची. दोन्ही मुली माझ्या शाळेत होत्या. "स्टेरिंग हाय तोवर भट्टी नाय," असं राघो म्हणायचा. जगाकडे त्याचं एवढंच मागणं होतं, आणि दुर्दैवानं ते गोकुळला चांगलं माहीत होतं.

आमच्या घराण्यात सगळे मास्तर, नाहीतर कारकून. गोकुळही कारकून होता. पण टेबलावरून ठेकेदारांच्या फायली जाताना बघून बघून त्याचा जीव कासावीस झाला आणि नोकरी सोडून तो स्वतःच ठेकेदार झाला. रस्ते करायचा. म्हणजे खात्याचे इंजिनियर रावसाहेब पाहणी करून जाईपर्यंत टिकतील असे रस्ते करायचा. अख्ख्या तालुक्याची कंबर त्यानं ढिली केली, आणि दोन हजार पाच साली त्याला स्वतःच्या कंबरेसाठी आलिशान गाडी हवी झाली.

ठाण्याच्या एका दलालाकडे परदेशी बनावटीच्या दोन वापरलेल्या गाड्या होत्या. मॉडेल एकच, सुपरचार्जर दोन्हीत. एक चंदेरी, साधी. दुसरी काळी, तिला स्पोर्ट म्हणायचे. ताकद जास्त, दिमाख जास्त. दलाल दोन्ही गाड्या तीन दिवसांसाठी ठेवून गेला. जाताना म्हणाला, "शेठ, सिल्वर वाली फॅमिली के लिए, काली वाली मर्दों के लिए." गोकुळनं काळी घ्यायची हे त्याच क्षणी ठरलं. मी त्याचं तोंड बघत होतो ना. पण सरळ घेतली तर मजा कसली? त्यानं राघोला बोलावलं.

"तीन दिवस दोन्ही चालव. रोजच्या वापराला कोणती ते तू सांगायचं. बरोबर सांगितलंस तर गाडी तुझ्या हातात. चुकलास तर दलालाचा टायवाला ड्रायव्हर गाडीसोबत यायला तयारच आहे."

राघोनं हे खरं मानलं. दहावीच्या पोरानं बोर्डाची परीक्षा द्यावी तशी त्यानं ती परीक्षा दिली. मला सुट्टी होती, तेव्हा मागच्या सीटवर वजन म्हणून मी बसलो. माझं वजन त्या वेळी नव्वद किलो होतं आणि गोकुळला त्याचं फार कौतुक.

सकाळी चंदेरी, दुपारी काळी, असे आम्ही दोन दिवस जव्हारहून मोखाडा आणि तिथून वर गोकुळच्या सूर्यमाळच्या नव्या रस्त्याला जात होतो. चंदेरी खड्ड्यात गेली की एकदा डुलायची आणि झालं. काळीचे स्प्रिंग कडक, टायर रुंद पण रबराची कड पापडाएवढी. खड्डा लहान असो की मोठा, ती तो मणक्यापर्यंत पोचवायची. चढावर मात्र काय जात होती! पेडलला पाय नुसता लागला की पुढून पिठाच्या गिरणीसारखी शीळ यायची आणि वळण अंगावर येऊन आदळायचं. मी तर तिच्यावर फिदा झालो. राघो झाला नाही.

"ब्रेक काळीचे बरे," तो म्हणाला. "घाटात भरोसा हिचाच. पर ताकद काय चाटायची, गुरुजी? काटा चाळिसाच्या वर गेलाच नाय. पेट्रोल मात्र ढसाढसा पिते. अन् शेठला रोज साइटला यायचा."

त्याच्याजवळ कारवीची एक काठी होती. रस्त्याच्या कामावर खडीचा थर मोजायला गँगमधली माणसं अशी काठी ठेवतात, चाकूनं खाचा पाडलेली. राघो आता गँगमध्ये नव्हता, पण काठी सुटली नव्हती. तिच्यावर त्यानं दोन नव्या खाचा पाडल्या. जमिनीपासून चंदेरीचं पोट किती वर, काळीचं किती. मग वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात उतरून त्यानं ती काठी घातली. आमच्याकडे खड्ड्यांना नावं आहेत, जो ज्यात पडला त्याचं. मी लुनावरून जिथे पडलो त्याला मास्तरपडी म्हणतात. तिथे काठी घालून राघो मनापासून हसला. मला राग आला होता, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गोकुळनं निकाल ऐकायला सूर्यमाळच्या रस्त्यावर दरबार भरवला. त्याच दिवशी रावसाहेब काम नीट झाल्याचा दाखला द्यायला आले होते. दोन्ही गाड्या उभ्या होत्या. पलीकडे बायका डोक्यावर घमेली घेऊन खडी टाकत होत्या, त्यांत बाळी होती.

"बोल राघो," गोकुळ म्हणाला. "रावसाहेबांसमोर सांग. चंदेरी का काळी?"

"शेठ, रोजला चंदेरी. काळी धावल बरी, थांबल बी बरी. पर आपल्या रस्त्याला हिचा पोट घासल. खालची टाकी फुटून ऑइल गेला का इंजिनच गेला."

"कुठे घासेल रे?"

इथे दुसरा कोणी गप्प बसला असता. राघोनं काठी आणली. पाच पावलांवर रस्त्याखालची मोरी खचून गाडीच्या दोन चाकांमध्ये मावेल असा लांबट खड्डा पडला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ताही दबला होता. राघो त्यात उतरला आणि काठी उभी धरून दाखवू लागला. "कडेचा टेंगूळ बघा. चाक खाली बसला का काळीचा पोट त्याला लागलाच. अन् शेठ, ही जुनी खाच खडीच्या थराची. भराव इथवर पायजे व्हता. घातलाय इथवर. निम्मा बी नाय. म्हनून मोरी बसली. गाडीची चूक नाय."

रावसाहेब एकदम समोरचा डोंगर बघू लागले. बायकांची घमेली थांबली.

राघोनं हे का केलं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. त्याला वाटायचं, शेठ साइटवर नसला की मुकादम खडी चोरतो आणि शेठला ते कळत नाही. दहा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याला हे सांगायला हवं, असं त्याच्या मनात कधीचं होतं. इतका भोळा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या भोळेपणाचा मला आजही संताप येतो.

गोकुळ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि रावसाहेबांना म्हणाला, "आमचा ड्रायव्हर फार हुशार. खड्डा इतका उथळ, आणि म्हणतो पोट घासतं." मग राघोकडे वळला. "एक काम कर. झोप त्या खड्ड्यात, पालथा. मी काळी तुझ्यावरून नेतो. घासली तर तू खरा, चंदेरी घेतो. नाही घासली तर काळी घेतो. दोन्हीकडून स्टेरिंग तुझंच. झोपला नाहीस तर मात्र टायवाला."

राघोला वाटलं शेठ थट्टा करतोय. तो हसला. कोणीच हसत नाही हे बघून त्यानं बाळीकडे पाहिलं. बाळीनं मान हलवली, नको म्हणून. त्यानं खिशातलं लायसन काढून नीट एका दगडाखाली ठेवलं, आणि तो खड्ड्यात पालथा झाला.

"बसा गुरुजी," गोकुळ म्हणाला. "पूर्ण वजन पाहिजे. नाहीतर हा म्हणेल, रिकामी नेली."

मी बसलो. मला कोणी धरून बसवलं नाही. नको म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द काढला असता तर गोकुळनं माझं काहीही वाकडं केलं नसतं. पण रावसाहेब पुढच्या सीटवर बसले होते, दुपार झाली होती, आणि जेवण गोकुळकडे होतं. मी भ्याडही नव्हतो, नुसता सोयीचा होतो.

गाडी हळू गेली. पुढची चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी उतरली, बूड बसलं, आणि माझ्या तळपायांखाली काहीतरी ओढलं गेल्यासारखं झालं. धातू दगडाला लागल्याचा आवाज नव्हता तो. मऊ होता. गोकुळनं तिथेच ब्रेक दाबला. इंजिन चालू ठेवलं, काच खाली केली आणि हाक मारली, "काय राघो, खालून कशी वाटते गाडी?"

घाटभर चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर पाइप किती तापतो ते मी मुलांना शिकवू शकलो असतो. गोकुळनं एसी वाढवला, रावसाहेबांना सुपरचार्जरचं बटण समजावलं, जे त्या गाडीत नव्हतंच. रावसाहेब म्हणाले, "चला आता." तेही हसत होते. बाळीनं घमेलं टाकलं आणि बोनेटवर दोन्ही हात आपटले, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली.

राघो आपला आपण उठला. शर्ट मधोमध फाटला होता आणि कातडं त्याला चिकटून निघालं होतं. कमरेच्या वर मनगटाएवढा जाड चट्टा, कडेला पांढरा. बाळी ओरडत होती. त्यानं तिला गप्प केलं.

"घासली का?" गोकुळनं विचारलं.

घासली म्हटलं असतं तर तो खरा ठरला असता. पण मग भराव निम्मा होता हेही खरं ठरलं असतं, आणि एवढं एव्हाना त्यालाही कळलं होतं. 

"नाय शेठ," तो म्हणाला. "काळीच बरी."

रावसाहेबांनी दाखल्यावर तिथेच बोनेटवर सही केली. गोकुळनं काठी उचलून गुडघ्यावर मोडली आणि दरीत फेकली. त्या दिवशी जेवायला कोंबडी होती आणि मी दोनदा वाढून घेतली.

गोकुळनं शब्द पाळला. सोमवारी काळी गाडी राघोच्या हातात दिली आणि चावी देताना एवढंच बजावलं, "सीटचं चामडं पांढरं आहे. पाठ टेकू नको, डाग पडतील." राघोनं टेकली नाही. बाळीनं हळद-खोबरेल लावून बांधलेल्या पट्टीवर शर्ट घालून तो जव्हार ते मोखाडा पुढे झुकून, स्टेरिंगला छाती लावून गाडी चालवायचा. जखम पावसाळ्यात भरली, पण बसणं तसंच राहिलं. चार वर्षं तो तसाच बसला. गोकुळ पाहुण्यांना दाखवायचा, "बघा कसा वाकून चालवतो. गाडीवर जीव आहे आमच्या राघोचा." पाहुणे मागे वळून मला विचारायचे, खरं का गुरुजी? मी म्हणायचो, खरं आहे.