पाच यंत्रं, एक बटण

इंदिरानगरातल्या द्राक्ष निर्यातीच्या त्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर होते आणि पाचही वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. त्यामुळे इंटरनेट जोडायची रीत प्रत्येकाची निराळी. एकावर घड्याळाशेजारच्या चित्राला टिचकी मारायची, दुसऱ्यावर तीन खिडक्या उघडत आत शिरायचं, तिसऱ्यावर जोडणं सोपं पण तोडायचं कुठून ते सापडायचं नाही आणि टेलिफोन दुपारभर अडकून पडायचा.

ऑफिसचा कॉम्प्युटरवाला मी. सव्वीस वर्षांचा आणि स्वतःवर फार खूश.

पाचही यंत्रं चालवता येणारा माणूस मात्र मी नव्हे. तो मान टायपिस्ट काकांचा. टंकलेखन यंत्र अडगळीत गेल्यावर ते माझ्याच संध्याकाळच्या क्लासला आले होते. वयानं माझ्या दुप्पट, तरी मला ‘सर’ म्हणायचे आणि मी ते म्हणू द्यायचो. त्यांनी एका वहीत पाचही यंत्रांच्या पायऱ्या मोत्यासारख्या अक्षरांत उतरवल्या होत्या. ती वही मी डब्याच्या वेळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. सगळे हसायचे. काकाही थोडं हसायचे.

हंगामाच्या तोंडावर शेठनी जाहीर केलं की, ऑफिसात कागदपत्रांचं एकच टेबल राहील, तेही ई-मेल जमणाऱ्यासाठी. शनिवारी काकांनी सर्वांसमोर कंटेनरचे कागद ई-मेलनं पाठवून दाखवायचे. जमलं तर टेबल त्यांचं, नाहीतर पॅकहाउसला जायचं. पॅकहाउस म्हणजे शीतगृहाच्या दारात उभं राहून पेट्यांवर शिक्के मारणं. काकांना दमा होता.

मी नेमका शुक्रवारी संध्याकाळी पाचही यंत्रांवर माझी करामत बसवली. जुन्या सगळ्या वाटा लपवल्या आणि प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात एकच हिरवं बटण ठेवलं. दाबलं की जोडणी, पुन्हा दाबलं की तोडणी. शेठसमोर मिरवायला परीक्षेचा दिवस बरा, एवढाच हिशेब.

“सर, हे सोमवारी केलं तर?” काकांनी विचारलं.

“काका, वही आता रद्दीत घाला. लहान पोरालाही जमेल असं केलंय.”

शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बटणावर बाण नेला आणि टकटक, दोनदा दाबलं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम किंचाळू लागला आणि मध्येच गप्प झाला. काकांनी पुन्हा टकटक केलं. पुन्हा किंचाळी, पुन्हा शांतता.

“काका, त्याचा गळा कशाला दाबताय?” हिशेबनीस म्हणाला. ऑफिस हसलं.

तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. क्लासात समजावण्याचा कंटाळा म्हणून मी सरसकट शिकवलं होतं की, काहीही असो, दोनदा टिचकी मारा. कोणी एकदाच मारली तर टेबलावर पट्टी आपटायचो. “दार वाजवताना एकदाच वाजवता का?” एरवी दुसरी टिचकी वाया जायची, बिघडत काहीच नव्हतं. माझ्या बटणावर मात्र पहिल्या टिचकीनं फोन लागत होता आणि दुसरीनं कापला जात होता.

एकच वाक्य बोलायचं होतं: काका, एकदाच दाबा.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. “बटणात काही घोळ आहे का रे?”

“नाही शेठ. वय झालं की बोटं थरथरतात.”

काकांनी एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तीस वर्षं न बघता टंकणारी बोटं ती. मग उठून त्यांनी खुर्ची नीट आत सरकवली.

रविवारी मी ऑफिसात जाऊन बटण सुधारलं. पहिल्या टिचकीनंतर काही क्षण दुसरी मोजायचीच नाही, एवढंच करायचं होतं. पुढच्या आठवड्यात तेच बटण पॅकहाउसच्या यंत्रावर बसवायला गेलो. काका कानटोपी आणि दोन स्वेटर घालून शिक्के मारत होते. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती.

मी जवळ जाऊन म्हणालो, “काका, आता दोनदा दाबलं तरी चालतं.”

त्यांनी शिक्का थांबवला. “म्हणजे बोटं नव्हती?”

“नव्हती.”

“दुरुस्तीला किती वेळ लागला, सर?”

“पाच मिनिटं.”

त्यांनी मान डोलावली, शाईच्या गादीवर शिक्का दाबला आणि माझ्या पायाशी असलेल्या पेटीकडे बोट केलं. “जरा बाजूला व्हा. गाडी लागलीय.”