चुलीच्या दगडांची काळी बाजू

माळ्यावरून जुना दोर काढला, तर त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. नव्वदच्या दशकातली थंडी, दिंडोरीकडचा एक कडा. ओझरच्या कारखान्यातला माझा मित्र पुढे चढत होता आणि मी मध्यावरच्या अरुंद कपारीत बसून त्याला दोर सोडत होतो. तो वळणाआड गेला. खालच्या द्राक्षबागेतला फवारणीचा ट्रॅक्टर ऐकू येत होता, मित्राची हाक मात्र येईना. दोर कितीतरी वेळ निपचित पडून होता. मग ठरल्याप्रमाणे दोन हिसके बसले, म्हणजे ‘ये’. त्याने फटींत अडकवलेल्या पाचरी काढत मी वर पोचलो. माथ्यावर कातळातल्या पाण्याच्या टाक्यापाशी तीन दगडांची चूल मांडून मुक्काम केला. सकाळी त्याने राख डब्यात भरली आणि चुलीचे दगड काळी बाजू खाली करून मुळात होते तिथे ठेवले. “कोण बघायला येतंय इथं?” मी हसलो. “कुणीपण येईल. आपण आलोच नव्हतो असं दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. पुढच्याच वर्षी तो तापाने गेला. परवा मी मागच्या पायवाटेने एकटाच वर गेलो, टाक्याभोवतीचा एकेक दगड उलटून पाहिला. काळी बाजू एकालाही उरली नव्हती.