वरचा कॉक कोणी बंद केला?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — चौकशी समितीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर तुम्हीच म्हणाला असता, ‘बाई, तुमच्या हातून असं होणंच शक्य नाही.’

बीड जिल्ह्यात विद्यापीठाचं एक उपकेंद्र आहे. तिथं मी रसायनशास्त्र शिकवते. सुरक्षा समितीची प्रमुखही मीच. आग लागली तर कुठल्या जिन्यानं उतरायचं, वायू गळाला तर आधी काय बंद करायचं, कुणाला फोन लावायचा — झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मला हे काम येतं. उगीच नम्रता कशाला दाखवू? एमएस्सीच्या पोरापोरींकडून मी एक वाक्य इतकं घोटून घेतलं होतं, की ते आजही विसरले नसतील : अंगावर अॅसिड पडलं तर विचार करायचा नाही, नळाकडं जायचं नाही, सरळ शॉवरखाली जाऊन साखळी ओढायची.

प्रयोगशाळेच्या दारापाशी तो शॉवर आहे. वर तोटीचं मोठं तोंड, खाली लोंबणारी साखळी. गच्चीवर त्याच्यासाठी वेगळी टाकी आहे आणि त्या टाकीला एक कॉक.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडं टँकरनं पाणी येत होतं. त्यातच तपासणी समिती येणार म्हणून कळलं. संचालकांना इमारतीसमोर हिरवळ हवी होती. पाणी कुठून आणायचं? कुणालाच सुचेना — मला सुचलं. शॉवरची टाकी भरलेली होती आणि वर्षानुवर्षं कुणी साखळीला हात लावला नव्हता. ते पाणी पाइप लावून हिरवळीला घ्यायचं, आणि कुणी साखळी ओढून ते सांडू नये म्हणून शॉवरचा कॉक बंद ठेवायचा. कल्पना माझीच. संचालकांना मी एवढंच म्हणाले, ‘पाण्याचं मी बघते.’ ते खूश झाले. मीही झाले.

कॉक बंद करायला मी भगवानमामांना सांगितलं. भगवानमामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. तलवाड्याचे. भाऊ अजून मेंढरं राखतात, हे एकटेच नोकरीला लागलेले. काचेचं भांडं ते असं धरायचे, जसं कुणी नुकतं जन्मलेलं कोकरू धरावं. ते म्हणाले, “करतो बंद. पण मॅडम, मग ही साखळी कावून लटकून ठिवायची? पोरं वडतीन ना.”

मी हसले. “मामा, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

पंधरा दिवसांनी समिती आली, हिरवळ बघून गेली. कॉक बंदच राहिला. महिन्याच्या एक तारखेला सुरक्षा रजिस्टर भरायचं असतं. ‘शॉवर : चालू’ — मी बरोबरची खूण केली. पुढच्या महिन्यातही केली. गच्चीवर मी गेलेच नव्हते.

रोहिणी उमापूरची. हुशार, थोडी घाईची. त्या दिवशी सकाळच्या प्रात्यक्षिकात तिच्या हातून सल्फ्युरिक अॅसिडची बाटली निसटली, ओट्याच्या कडेवर फुटली. उजव्या हातावर आणि मानेवर उडालं. तिच्या शेजारी नळ होता — हात लांबवला असता तर पोचली असती एवढा जवळ. त्या नळाला पाणी होतं. पण ती नळाकडं गेली नाही. मी शिकवलं होतं तसंच तिनं केलं. धावत शॉवरखाली गेली आणि साखळी ओढली. परत ओढली. परत.

मी माझ्या टेबलापाशी उभी होते. मामा मागच्या भांडारात होते. त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं, की वरून पाणी येणार नाही. ‘नळाकडं जा’ — दोन शब्द होते. का नाही ओरडले मी? घाबरून? नाही हो. मी घाबरत नाही. माझ्या मनात आलं, की मी ओरडले तर मला माहीत होतं हे सगळ्यांना कळेल. ती साखळी ओढत होती आणि मी — मी हा हिशेब करत होते.

किती वेळ? ती सहा-सात वेळा साखळी ओढेपर्यंत. किंचाळणं ऐकून मामा धावत आले, तिला धरून नळाखाली नेलं. स्वतःच्या मनगटांवर भाजलं, तरी सोडलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच मिळालं असतं तर एवढं खोल गेलं नसतं. रोहिणी वाचली. मानेपासून दंडापर्यंत कातडी आजही ओढलेली आहे.

चौकशीला तीन माणसं बसली. ‘कॉक कोणी बंद केला?’

मामा म्हणाले, “म्याच केला. मॅडमनी सांगितलतं म्हणून.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मी असं कधीच सांगितलेलं नाही,” मी म्हणाले. आवाज कापला नाही. रजिस्टर पुढं सरकवलं. दोन महिन्यांच्या खुणा, माझी सही. मामांजवळ कागद नव्हता. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडला आणि उरलेली वर्षं त्यांना फाटकावर बसवलं. खोलीतून निघताना ते दारात थांबले. “तुमी शिकिवता मॅडम पोरांना,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाकी भरून घेतली आणि मी स्वतः गच्चीवर जाऊन कॉक उघडला. तेव्हापासून दर महिन्याला खरोखर वर जाते, साखळी खरोखर ओढून बघते. आता दुसऱ्या कॉलेजांतूनही मला प्रशिक्षणाला बोलावतात. तिथं मी हेच उदाहरण देते. ‘एका परिचरानं न विचारता कॉक बंद केला होता,’ असं म्हणते. पोरं वहीत लिहून घेतात. मामांच्या नावानं मी किती ठिकाणी हे बोललेय, मोजलं नाही.

रोहिणी आता सिरसाळ्याला ज्युनियर कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. गेवराईच्या बाजारात तिला भगवानमामा दिसले होते. आता निवृत्त झालेत. तिला बघून ते बाजूला सरले.

“मीच गेले जवळ,” ती म्हणाली. “म्हटलं, मामा, मला नळाखाली तुमीच नेलं. कॉकचं मी कवाच माफ केलंय तुमाला.”

“मग? काय म्हणाले ते?”

“काईच नाही. माझ्या डोक्यावर हात ठिवला अन् गेले. बरोबर केलं ना मी, मॅडम?”

त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं — हो, सुटल्यासारखंच.

“बरोबर केलंस,” मी म्हणाले. आणि तिच्या कॉलेजातल्या पोरांना शॉवर दाखवायला कधी येऊ, ते विचारलं.