अकरावं रीळ आधी

मधू गेल्याचा फोन धुळ्याहून आला तेव्हा मी जळगावात दाढी करत होतो. निम्मी दाढी तशीच ठेवून एस.टी. पकडली. मधू असता तर म्हणाला असता, "इंटरव्हलमध्ये आला का रे, भो?"

त्याच्या शोकसभेत मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. सात वक्ते उभे राहिले. मधू देवमाणूस, मधू आदर्श पती... याच देवमाणसानं लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सुशीलावहिनींना साक्रीला माहेरी सोडलं आणि सहा वर्षं त्या बाजूला फिरकला नाही, हे एकालाही आठवू नये? मी त्याला शंभरदा विचारलं असेल, का सोडलंस? तो खांदे उडवायचा. "जमलं नाही." एवढंच! तीस वर्षांच्या दोस्तीत या प्रश्नाचं उत्तर काही मला मिळालं नाही, आणि आता तर तो कायमचाच सुटला.

ऐंशी सालाच्या सुमारास आम्ही दोघं एका टुरिंग टॉकीजमध्ये होतो. तो मशीनवर ऑपरेटर, मी रिक्षात भोंगा घेऊन जाहिरात ओरडणारा. आमच्याकडे एक चित्रपट होता, महिनोन्‌महिने चालायचा. अकराव्या रिळात नायक बायकोला भर जत्रेत टाकून पळतो. तंबूत शिव्यांचा पाऊस. बाराव्यात तो परत येतो, आजारी बायकोचे केस विंचरतो, आणि त्याच बाया पदरानं डोळे पुसतात! मधू मशीनच्या भोकातून बघायचा आणि मला कोपर मारायचा, "पाह्य, झाला माफ!" मला संताप यायचा. अरे, दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच त्याला शिव्या घालत होतात ना? पण खरं सांगतो, डोळे माझेही भरायचे.

मग तंबू साक्रीला लागला. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या ओळीत, सुशीलावहिनी भावजयीबरोबर बसल्या होत्या. मी पाहिलं, मधूनंही पाहिलं. आणि त्या दिवशी, डोळे झाकून रीळ चढवणाऱ्या त्या माणसानं बारावं रीळ आधी लावलं, अकरावं नंतर! नायकानं केस विंचरले, आणि विंचरून झाल्यावर बायकोला जत्रेत टाकून पळाला. तंबू पेटला. पडद्यावर शेंगांची टरफलं. एक म्हातारी उभी राहून ओरडली, "तुना मुडदा पडो!" वहिनी तेवढ्या गप्प बसून होत्या. मी धावत मशीनकडे गेलो. मधूचा चेहरा घामानं निथळत होता.

"चूक व्हई गई, भो."

"डब्यांवर रंगानं आकडे कोणी घातलेत? तूच ना?"

तो रीळ उलटं गुंडाळू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यांनी दार उघडलं नाही. तो दर आठवड्याच्या बाजाराला जात राहिला. वर्षभरानं दार उघडलं. ती चूक होती की त्यानं मुद्दाम केलं, हेही मी विचारत राहिलो. तो हसायचा नुसता. मेल्यानं तेही सोबत नेलं.

पुढे अंगावरून वारं जाऊन वहिनींचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून मधू रोज सकाळी ओट्यावर बसून त्यांची वेणी घालायचा. गल्ली बघायची. वक्ते बोलले ते हेच, एवढंच.

आणि मी काय वेगळा? वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी त्याच्यावर लेख लिहायला बसलो, तर पहिलंच वाक्य वेणीचं! तो कागद घेऊन गेल्या आठवड्यात धुळ्याला वहिनींकडे गेलो. निम्मा वाचला तोच त्यांनी डावा हात वर केला.

"भाऊजी, बठ्ठं लिहा, सगळं लिहा. पण पहिले त्यांनी मला टाकलं, ते लिहा."

"वहिनी, लोक नावं ठेवतील त्याला."

"ठेवू द्या थोडा वेळ. मी सहा वर्षं थांबले. त्यांनी दोन परिच्छेद तरी थांबावं."

मी कागद तिथंच फाडला. वहिनींनी खिडकीतला रिळाचा जुना पत्र्याचा डबा मांडीवर ओढला. झाकणावर मधूच्या हातचा बाराचा आकडा, आत फणी. डाव्या हातानं त्या केस विंचरू लागल्या. फणी गुंत्यात अडकली. मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "ते काम त्यांचं शे."