आजोबांची सरकलेली हद्द

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या अपार्टमेंटसमोरच्या छोट्या घरात एक अमेरिकन आजोबा राहायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. २००२च्या नोव्हेंबरात, मतदानाच्या दिवशी, ते कोपऱ्यावरच्या शाळेतून मत न देताच परत येताना दिसले. मतदारसंघाची हद्द बदलली होती आणि त्यांचं केंद्र पाच मैल लांब गेलं होतं. त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं होतं, म्हणून मीच त्यांना घेऊन निघालो.

वाटेत ते बोटाने गुडघ्यावर रेघ ओढून मला जुनी हद्द दाखवत होते.

"चाळीस वर्षं मी जागचा हललो नाही. हद्दच तीनदा हलली."

"पण ती बदलतात कशाला?"

"माणसं वाढली की बदलावी लागते. तू मत देतोस?"

"नाही, मी व्हिसावर आहे."

"जनगणनेचा फॉर्म भरला होतास?"

"हो."

"मग हद्द आखताना तुलाही मोजलंय. मला एवढ्या लांब धाडणाऱ्यांत तूही आहेस!" असं म्हणून ते खदखदून हसले.

ते मतदान केंद्रात गेल्यावर मी गाडीतच बसून राहिलो. तीन वर्षं मी स्वतःला इथला पाहुणा समजत होतो. माझ्या नुसत्या राहण्यानेही कुणाची तरी हद्द सरकत होती, हे मला त्या दिवशी कळलं.