इंदूमावशींची साक्ष

नाल्याचा उतार लागला तशा इंदूमावशी थांबल्या, चपलेतला खडा झटकला आणि म्हणाल्या, "जया, तुले घरी कामं नाईत काय व? कायले माह्या मांगं मांगं येऊन राह्यली?"

"मांगं कुठं? जोडीनं तर चालून राह्यली," मी म्हटलं.

निम्मी वाट सरली होती. आमच्या खेड्यातून ग्रामपंचायतीचं गाव सहा-सात किलोमीटर. सकाळी अमरने, म्हणजे मावशींच्या पुतण्याने, त्यांच्यासाठी गाडी दारात काढून ठेवली होती. मावशी बसल्या नाहीत.

"त्याच्याच गाडीवर बसून त्याच्याच इरुद्ध बोलाले जाऊ काय? पेट्रोलची तरी लाज पाह्यजे."

झालं होतं ते असं. आमच्या नाल्यावर एक लहान बंधारा आहे. पाऊस सरला की त्यात बरगे, म्हणजे लोखंडी फळ्या, बसवून पाणी अडवतात. वरच्या अंगाला तांड्यावरच्या पूनमसिंगचा हरभरा, खालच्या अंगाला अमरचा गहू. एका सकाळी बरगे गायब, आणि वरचं पाणी वाहून अमरच्या डोहात आलेलं. पूनमसिंगने अमरवर बोट ठेवलं. अमर म्हणाला, बरगे पूनमसिंगनेच काढून भंगारात दिले, आणि हे माझ्या मोठमायनं डोळ्यानं पाह्यलं.

मोठमाय म्हणजे मोठी काकू, आमच्या इंदूमावशी. त्या विहारात रोज संध्याकाळी वंदना घेतात, लहानथोरांकडून पंचशील म्हणवून घेतात. बाजारात वांगी घेऊन बसल्या की किडकं वांगं गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच बाजूला काढतात. माझ्या सासूबाई म्हणतात, हिचा धंदा काय होणार कपाळ! पण मावशींचं नाव आलं आणि एका दिवसात सगळ्या गावाने पूनमसिंगला चोर ठरवलं. इंदूबाईनं पाह्यलं म्हणजे पाह्यलंच.

मावशींनी खरोखर पाहिलं होतं. सरपणाला गेल्या तेव्हा. पण बरगे काढताना पाहिला होता अमरला.

मावशींना मूल नाही. अमरची आई गेली तेव्हा तो रांगत होता, यांनीच त्याला वाढवला. किसनराव, त्यांचे यजमान, वारल्यापासून त्यांच्या वाट्याचं वावर अमरच कसतो आणि मावशी त्याच्याच घरात राहतात. आज तंटामुक्तीच्या बैठकीत खरं बोलल्या तर संध्याकाळी ते घर त्यांचं राहील की नाही, हे आम्ही दोघीही जाणून होतो.

"अमरले सांगतलं तुमी?"

"रातीच सांगतलं. म्हटलं, मी हे बोलनार नाई. तर म्हणते, मंग बोलू नको, नुसती मान हालव."

"मावशी, नाइलाजानं एखादा शब्द गेला तर देव माफ करते."

"तुहा करत असन बाई. आमच्या इथं माफ कराले कोणी बसला नाई. भगवान म्हणते, मी वाट दाखोतो, चालाचं तुमचं तुमाले. मंग म्या नवस कोणाले बोलू?"

मी देवाधर्माची बाई. गुरुवार धरते. मावशींच्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरातले देव पैनगंगेत सोडले, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला टोचलं होतं. पुढे वावराला वावर लागून इतकी वर्षं गेली, आणि मला दिसत गेलं की मी देवापाशी जे मागते ते मावशी स्वतःपाशी मागतात. ते जड असतं.

"गप्प बसा ना मग. गप्प बसनं म्हणजे काही खोटं नाई," मी म्हटलं.

"तसंच करनार होती. पन त्यानं माह्या नावानं खोटं सांगतलं. आता गप्प बसली तर म्याच बोलल्यासारखं हाय." जरा चालून म्हणाल्या, "सिद्धार्थानं घर काहून सोडलं, ठाऊक हाय तुले?"

"म्हातारा, रोगी अन् मढं पाह्यलं म्हणून. शाळेत होतं."

"एकोणतीस वर्षाच्या माणसानं म्हातारा पाह्यला नसन? घरात बाप होता न त्याचा!" मावशी हसल्या. "आमच्या ग्रंथात हाय, पाण्याचं भांडण होतं व. रोहिणी नदीचं. इकडं त्याचे शाक्य, तिकडं कोलीय. शाक्यांनी ठरोलं, लढाई कराची. हा एकटा उभा राह्यला, म्हणे वैरानं वैर मिटत नाई. आपल्याच माणसाइरुद्ध. ते म्हणाले, तुह्या घरच्याइले वाळीत टाकू, वावर घेऊ. तवा म्हणाला, त्याइले कायले? मीच जातो."

"म्हणजे तुमी बी घर सोडता काय?"

"गुडघ्याले इचारून सांगतो."

बैठक पंचायतीसमोरच्या मंडपात होती. पूनमसिंग खाली मान घालून एका कडेला, अमर दुसऱ्या. अध्यक्षांनी विचारलं आणि मावशींनी सरळ सांगितलं, "बरगे अमरनं काढले. म्या पाह्यलं."

अमर लगेच बोलला, "मोठमायले कमी दिसते, भाऊ. धुकं होतं त्या दिवशी."

अध्यक्ष बिचारे भले माणूस. त्यांनी वाट काढून दिली, "होईन, इंदूबाई. धुक्यात चूक होऊ शकते. तसं म्हणाचं हाय काय?"

मावशींनी अमरकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं, आता 'हो' म्हणतील.

"धुकं होतं," त्या म्हणाल्या. "तोंड नीट दिसलं नाई. पन त्यानं मले आवाज देल्ला, मोठमाय, थंडी हाय, चाद्दर घेऊन निघत जाय. असं मले गावात एकच जन म्हणते."

अमर उठला आणि गाडी घेऊन निघून गेला. बरगे त्याने परत बसवायचे, पाणी पाळीने घ्यायचं, असं ठरलं. पूनमसिंग मावशींच्या पायाशी वाकायला लागला, "याडी..." आई म्हणत होता त्याच्या बोलीत. मावशींनी त्याला वर उचललं. "तुह्यावर उपकार नाई केला रे. अन् आता तांड्यात त्याच्या नावाचा ढोल नको वाजवू."

परतताना मावशींनी पदराने एकदा डोळे पुसले, तेवढंच. नाला ओलांडल्यावर मी म्हटलं, "मावशी, आज माह्याकडं राहा."

"नाई व. घरी जाईन. दार उघडलं तर आत, नाई तर ओसरी हायेच." मग त्यांनी माझा हात धरला. "जया, तुले एक काम सांगू? उद्या सकाळी आमच्या घरी ये. मले भेटाले नको, अमरले भेटाले ये. आता गाव त्याले चोर म्हणून टाकून देईन. तू ये, त्याच्या गव्हाचं इचार, अन् त्याच्या हातचा चहा पेऊन जाय. पह्यलं मानूस तू हो."