सात सिलिंडरांची टेस्टिंग

खात्याच्या सातही जीपमधले आग विझवायचे सिलिंडर मी एकाच सकाळी दाबून पाहिले. सातही चालले. म्हणूनच सातही निकामी झाले.

समजावून सांगतो. या लाल सिलिंडरमध्ये कोरडी पावडर असते आणि तिला बाहेर ढकलायला दाबून भरलेला गॅस. डोक्यावर गेज. काटा हिरव्या पट्ट्यात असला की माल ठीक. पण एकदा जरी दाबलं तरी पावडरचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, तोंड नीट बंद होत नाही आणि गॅस हळूहळू निघून जातो. मग पुन्हा भरून आणायचा. हे सगळं सिलिंडरवर छापलेलं होतं. पण वाचायचं कुणी? मी नांदेडहून आलेला सुपरवायझर!

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. ऑफिसात खुर्च्या कमी, दुष्काळाची कामं जास्त. आमच्या जीपा टँकरच्या मागं गावोगाव हिंडायच्या.

ड्रायव्हर गफूरभाई म्हणाले होते, "साहेब, दाबून कायको बघून राहिले? काटा हिरवाच हाय की."

"काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो, गफूरभाई."

फुस्स केलं, रजिस्टरमध्ये ओके लिहिलं, सही ठोकली.

पंधरा दिवसांनी निलंग्याकडच्या एका गावात टँकरबरोबर गेलो. पाणी चार दिवसांनी आलेलं. बायांची ही रांग, आणि नंबर लावायला गावातल्याच एक वयस्क बाई, कौसाबाई. उन्हानं तडकलेला आमच्या जीपचा पेट्रोलचा पाइप नेमका तिथं फुटला. बॉनेटखालून जाळ. मी ऐटीत सिलिंडर काढला, पिन ओढली, दाबला. तान्ह्या बाळाला लावतात तेवढी पावडर बाहेर आली.

गफूरभाई बादली घेऊन टँकरकडे पळाले. कौसाबाई तोटीवर हात ठेवून उभ्या.

"पान्याला हात लावायचा न्हाई!"

"मावशी, जीप जळून राहिली!"

"जळू दे. गाडी सरकारची हाय, लेकरं आमची हायती. माती टाका की. माती लई हाय."

त्यांनीच पहिलं घमेलं टाकलं. मग साऱ्या बाया तुटून पडल्या. पाच मिनिटांत जाळ विझला. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं तर ती पसरते, हे ट्रेनिंगमध्ये मीच ड्रायव्हरांना शिकवत असे. त्या वेळी मात्र मीही दुसरी बादली शोधत होतो.

ऑफिसात येऊन उरलेले सहा पाहिले. सगळे काटे शून्यावर. लातुरात भरून देणारं कुणी सापडेना, तेव्हा पोत्यात घालून एसटीनं नांदेडला नेले. एकाचं बूड गंजलेलं निघालं, तो बदलला. तेव्हापासून महिन्यातून एकदा काटा बघतो आणि सिलिंडर उलटा करून हलवतो, म्हणजे पावडरचा गोळा होत नाही. दाबायचं ते फक्त आग लागल्यावर.

पुढच्या फेरीला कौसाबाईंना हिरवा काटा मुद्दाम दाखवला. त्यांनी आधी सिलिंडर पाहिला, मग मला.

"चांगला हाय की. पर दोन घमेली माती बी ठिवा गाडीत. तुमी संगं असता न्हवं."